खाण इथेही नाही, तिथेही नाही

पत्र

आदरणीय बाई,

मी खानापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शिक्षण बी.एस्सी., विषय गणित. यंदा आमचे इतिहास-भूगोलाचे गुरुजी बदलून गेले आणि सहावी ते आठवीचा भूगोल-नागरिकशास्त्र माझ्या वाट्याला आलं. मुलं पाठ करतात, पेपरात ओततात, विसरतात. परवा चाचणीत विचारलं, स्वित्झर्लंड कुठे आहे? एकाने लिहिलं, 'सिनेमात'. मुलांना पैशाचे व्यवहारही कळावेत असं मला वाटतं, पण अर्थशास्त्राचं वेगळं पुस्तक नाही आणि मुख्याध्यापक म्हणतात, नसतं लोढणं कशाला गळ्यात घेता. त्यात वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील नाहीतर चुलते गलाईच्या धंद्यात, केरळपासून आसामपर्यंत पांगलेले. दिवाळीत, मे महिन्यात पोरं तिकडे जातात आणि परत आली की पंधरा दिवस त्यांचं चित्त जाग्यावर नसतं. गेल्या महिन्यात तर एका मुलीने भर वर्गात विचारलं, 'बाई, मताला पैसे घेतले तर पाप लागतं का?' सरपंचांचा मुलगा पहिल्याच बाकावर. मी विषय बदलला, पण तो डोक्यातून जात नाही. काय करू?

– एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर

प्रिय शिक्षिका,

'सिनेमात' लिहिणाऱ्या पोराला मी अर्धा गुण दिला असता. त्याने तो देश जिथे पाहिला तिथला पत्ता प्रामाणिकपणे लिहिला. आपण त्याला दुसरा पत्ता दिलाच कुठे?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं. स्वित्झर्लंड आणि गलाई हे दोन शब्द तुम्ही चार ओळींच्या अंतराने लिहिलेत आणि दोन्ही अडचणी म्हणून लिहिलेत. वर्षभराचा भूगोल, नागरिकशास्त्र आणि मुख्याध्यापकांना नको असलेलं अर्थशास्त्र त्या चार ओळींच्या मधे बसलेलं आहे.

सांगली-साताऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. गलाई म्हणजे जुनं, मोडीतलं सोनं-चांदी वितळवून, तेजाबाने त्यातली भेसळ वेगळी करून धातू शुद्ध करण्याचा धंदा. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि देशभरच्या सराफ कट्ट्यांमागच्या गल्ल्यांत भट्टी आणि मूस (धातू वितळवायचं भांडं) घेऊन बसली. आज एखाद्या लांबच्या शहरात सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढणाऱ्या माणसाचं गाव विचारलं तर तो विट्याचं नाव घेण्याची शक्यता बरीच असते. गंमत ही, की विट्याला सोन्याची खाण नाही. कधीच नव्हती. त्यातल्या त्यात जवळची चालू खाण म्हणजे कर्नाटकात रायचूर जिल्ह्यातली हट्टीची.

आता स्वित्झर्लंड घ्या. तिथेही सोन्याची चालू खाण नाही. तरी जगातल्या खाणींतून निघणाऱ्या सोन्याचा फार मोठा हिस्सा शुद्ध व्हायला तिथेच जातो. मोठे कारखाने मुख्यतः इटलीच्या सीमेला लागून असलेल्या तिचिनो प्रांतात आहेत. भारत बाहेरून सोनं आणतो त्यात गेली अनेक वर्षं स्वित्झर्लंडचाच वाटा सगळ्यात मोठा. म्हणजे 'सिनेमात' लिहिणाऱ्या पोराचा चुलता ज्या धंद्यात आहे, त्याच धंद्यातला जगातला सगळ्यात मोठा गलाईवाला म्हणजे तो देश. हे त्या पोराला कुणीच सांगितलेलं नाही.

सोमवारी वर्गात जाल तेव्हा फळ्यावर एवढंच लिहा: विट्यात खाण नाही, स्वित्झर्लंडमध्ये खाण नाही, तरी दोघंही सोनं गाळतात. आणि गप्प बसा. मुलं बोलायला लागतील.

बोलणं कुठे न्यायचं, तर मी आयुष्यभर तीनच प्रश्न वापरले. इथेच का? ठरवलं कुणी? पैसे कुणाच्या खिशातून गेले आणि कुणाच्या खिशात आले? पहिला भूगोल, दुसरा नागरिकशास्त्र, तिसरा अर्थशास्त्र. पुस्तकं वेगळी असली तरी गावातली कुठलीही वस्तू उचलली की तिघंही एकदमच येतात. अट एकच आहे. पहिल्या प्रश्नापाशी घाई करायची नाही. 'इथेच का' याचं उत्तर मुलांनी आधी चुकीचं दिलं पाहिजे.

विटाच का? पोरं म्हणतील, आमची माणसं हुशार. असू दे. मग नकाशात पश्चिम घाट दाखवा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि तिथून पूर्वेला येता येता आटपाडीपर्यंत तो पाचशेच्या आतबाहेर उरतो. पर्जन्यछायेचा प्रदेश ही व्याख्या पोरांना पाठ असेल, पण आपले पणजोबा गाव सोडून का गेले याचं उत्तर त्या व्याख्येत आहे हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. मग स्वित्झर्लंड. समुद्र नाही, बराचसा देश डोंगर आणि बर्फ, जुन्या काळी शेतीवर पोट भरत नसे. तिथले तरुण मग भाडोत्री सैनिक म्हणून परक्या राजांच्या फौजांत जायचे. व्हॅटिकनमध्ये पोपच्या दाराशी १५०६ पासून स्विस पहारेकरी आहेत, ते आजही. रान पिकत नाही म्हणून पोरं बाहेर पडतात, हे मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. आता टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी तुमच्याकडे आलंय, द्राक्षबागा उभ्या राहिल्यात. पाणी आल्यावर गलाईला जाणारे कमी झाले का, हे पोरांनी घरी आजोबांना विचारून यावं. उत्तर मला माहीत असायची गरज नाही, तुम्हालाही नाही.

दोऱ्याचा नकाशा

भिंतीवर भारताचा मोठा नकाशा लावा. प्रत्येक मुलाने आपलं माणूस जिथे आहे तिथे टाचणी टोचायची आणि विट्यापर्यंत दोरा ओढायचा. एक काळजी घ्या. ज्याचं कुणीच बाहेर नाही, ज्याचे वडील ऊसतोडीला जातात किंवा घरात नाहीतच, त्याला या खेळात उणं वाटता कामा नये. म्हणून 'माणूस किंवा वस्तू' असं म्हणा. घरात बाहेरगावाहून आलेली एक तरी वस्तू असतेच. चहाची पुडी घेतली तरी तिचा दोरा आसामला जातो.

हा नकाशा महिनाभर भिंतीवर राहू द्या, कारण खरं काम फोनवर होणार आहे. तुम्ही म्हणता पोरांचं चित्त सुट्टीनंतर जाग्यावर नसतं. ते नकाशावर फिरत असतं, बाई. दिवाळीत चेन्नईला जाऊन आलेलं पोर सांगतं, तिथे धो-धो पाऊस होता. इथे तेव्हा ज्वारी पेरून झालेली असते. परतीच्या ईशान्य मोसमी वाऱ्यांसाठी याहून चांगली सुरुवात कुठल्या पुस्तकात मिळेल? आसामातल्या चुलत्याला नोव्हेंबरात संध्याकाळी पाच वाजता फोन लावायचा आणि विचारायचं, अंधार पडला का? तिकडे पडलेला असतो, इथे ऊन असतं, घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. आठवीला स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ आहे. तुम्ही गणिताच्या. एका रेखांशाला ४ मिनिटं, विटा आणि दिब्रुगड यांच्यात २० अंशांच्या आसपास अंतर, म्हणजे ८० मिनिटं. पोरं हे गणित फळ्यावर येऊन भांडून सोडवतात.

माझी एक फजिती इथे सांगते, म्हणजे तुमची टळेल. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची. आपला जिल्हा त्याच्या पश्चिमेला जवळजवळ ८ अंश. म्हणजे सूर्य डोक्यावर यायला आपल्या घड्याळात साडेबारा वाजून जातात. मिरजेच्या शाळेत मी मुलांना काठी रोवायला लावली आणि ऐटीत सांगितलं, १२ वाजून ३१ मिनिटांनी सावली सगळ्यात आखूड होईल. महिना फेब्रुवारी. सावली १२:३१ ला आखूड झाली नाही, १२:४० लाही नाही. पाऊण वाजला तेव्हा कुठे ती थांबली. पोरं माझ्याकडे बघतायत. मी काय केलं असेल? शाळेच्या घड्याळाला दोष दिला. घड्याळ बरोबर होतं. विज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारल्यावर कळलं, की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाबरहुकूम चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो १४ मिनिटं उशिरा येतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं लवकर. आठवड्याने मी वर्गात सांगितलं की त्या दिवशी मी खोटं बोलले होते. त्या वर्गाने नंतर माझ्या कुठल्याही विधानावर 'बाई, नक्की?' असं विचारायची सवय लावून घेतली. सुरुवातीला ते मला झोंबलं. पुढे तोच माझा सगळ्यात चांगला वर्ग ठरला. तुम्हाला हा विषय नवा आहे याची लाज वाटून घेऊ नका. 'माहीत नाही, उद्या शोधून आणते, तुम्हीही आणा' हे वाक्य घड्याळाला दोष देण्यापेक्षा स्वस्तात पडतं.

भाव ठरतो कसा

अर्थशास्त्राचं पुस्तक नाही, हे बरंच आहे. तुमच्या पोरांच्या घरी सोन्याचा भाव देवाच्या नावासारखा रोज निघतो. तो फळ्यावर घ्या. जगात सोन्याचा भाव औंसाला डॉलरमध्ये बोलतात आणि हा औंस ३१.१ ग्रॅमचा. हिशेबाला समजा औंस ३,००० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये. भागाकार केला की १० ग्रॅमला साधारण ८२ हजार येतात. त्यावर ६ टक्के आयात शुल्क धरलं तर ८६,९०० च्या आसपास. वर ३ टक्के जीएसटी, की साडेएकोणनव्वद हजार. (तुम्ही शिकवाल त्या दिवशीचे खरे आकडे घ्या, शुल्कही तपासून घ्या. हे मी फक्त रीत दाखवायला लिहिले.) टक्केवारीची उदाहरणं तुम्ही गणितात करूनच घेता, इथे ती एका तासात दोन विषयांना पुरतात.

आणि मग दुसरा प्रश्न. ठरवलं कुणी? इथे खरी गंमत आहे, कारण या एका बिलावरचे दोन कर दोन वेगळ्या ठिकाणी ठरतात. आयात शुल्क केंद्र सरकारचं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते १५ टक्क्यांवरून ६ वर आलं, तेव्हा तुमच्या गावातल्या गलाईवाल्यांच्या घरी त्यावर चर्चा झाली असणारच. जीएसटी मात्र केंद्र एकट्याने ठरवत नाही. त्यासाठी परिषद आहे, तिच्यात केंद्राचे आणि सगळ्या राज्यांचे मंत्री बसतात. मतांचं वजन केंद्राकडे एक तृतीयांश, राज्यांकडे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. गणिताच्या बाईंनी मुलांना विचारावं, केंद्राचा विरोध असेल तर सगळी राज्यं मिळून निर्णय घेऊ शकतात का? ०.६७ आणि ०.७५ यांतला फरक ज्याला कळला त्याला संघराज्य कळलं. आठवीच्या मुलाला हे जमतं. मी जमताना पाहिलंय.

वेळ उरला तर १९९१ सांगा. आखाती युद्धाने तेल महागलं, परकीय चलन काही आठवडे पुरेल एवढंच उरलं. त्या मे महिन्यात देशाने २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेच्या हाती दिलं आणि जुलैत सुमारे ४७ टन लंडनला बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवलं. घरची पाटली सावकाराकडे ठेवून बी-बियाणं आणलेलं तुमच्या मुलांच्या आज्यांनी पाहिलंय. देशही तेच करतो म्हटल्यावर वर्ग कसा शांत होतो बघा.

त्या मुलीचा प्रश्न

आता जे तुम्हाला खुपतंय त्याकडे येते. विषय बदललात याबद्दल मी तुम्हाला बोल लावणार नाही. गावात राहायचं असतं, बदली हाती नसते. पण त्या मुलीला उत्तर मिळालं पाहिजे आणि ते सरपंचांच्या मुलासमोरच मिळालं पाहिजे, नाहीतर दोघांनाही वाटेल की या गोष्टी बाईसुद्धा बोलत नाहीत.

पाप-पुण्य तिच्या आजीवर सोडा. आपण कायदा सांगायचा. मतासाठी पैसे देणं गुन्हा आणि घेणंही गुन्हा. कुणाचं नाव नाही, गाव नाही, मागची निवडणूक नाही. हे एका वाक्यात, नेहमीच्या आवाजात सांगा आणि लगेच पुढे चला. आवाज खाली आणलात की पोरं कान टवकारतात.

पुढे कुठे जायचं? परत स्वित्झर्लंडला. तिथल्या ग्लारुस नावाच्या प्रांतात मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी लोक उघड्या चौकात जमतात आणि प्रांताचे कायदे, कर हात वर करून ठरवतात. मतदानाचं वय १६. तेही २००७ मध्ये अशाच सभेत ठरलं. आठवीतली पोरं लगेच हिशेब करतात, आम्हाला अजून दोन वर्षं. मग विचारा, आपल्याकडे असं काही आहे का? ग्रामसभा आहे. वर्षातून निदान चार व्हायला हव्यात. किती मुलांच्या आया कधी गेल्यात, हात वर करा. आणि स्वित्झर्लंड म्हणजे फार पुढारलेलं असं वाटायला लागलं की दुसरी बाजू सांगा: तिथे बायकांना देशाच्या निवडणुकीत मताचा हक्क १९७१ मध्ये मिळाला. आपल्या आज्या-पणज्यांनी १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत मत दिलं होतं. आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. मग हात उघडपणे वर करणं चांगलं की चिठ्ठी झाकून टाकणं? उघड हात केला तर पैसे देणाऱ्याला कळतं कुणी दिलं मत. बघा, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न परत आला आणि या वेळी कुणाच्याही बापाचं नाव न घेता आला.

सहावीला स्थानिक शासन असतं. त्यांना घरपट्टीची पावती आणायला सांगा. त्या पावतीवर दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी असे रकाने असतात. कुठल्या रकान्याचं काम गावात दिसतं, कुठल्याचं दिसत नाही, एवढंच वहीत लिहायचं. (थकबाकीचा आकडा पोरांनी वाचून दाखवू नये, हे आधी बजावा. माझ्या एका विद्यार्थ्याने वाचला होता. दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली.) सरपंचांच्या मुलाला मात्र वेगळं काढू नका. त्याला उलट काम द्या: सरपंच थेट लोकांतून निवडायचा की सदस्यांनी निवडायचा, हे २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये तीनदा का बदललं, हे घरी विचारून ये. हा बदल मुंबईत विधिमंडळात झाला, गावात नव्हे. वडिलांनाही सांगताना बरं वाटेल.

मुख्याध्यापकांना 'अर्थशास्त्र' हा शब्दच सांगू नका. भूगोलाचा उपक्रम म्हणा. कागदावर तो तसाच आहे आणि त्यात खोटं काहीच नाही.

पाठांतराचं काय, तर मी पाठांतराच्या विरोधात नाही. खंडं, महासागर, शेजारी देश, राज्यं आणि राजधान्या डोक्यात असलेल्या बऱ्या. दोरा कुठे बांधायचा हे तरी कळतं. पण जगातल्या राजधान्यांची माळ कशाला? स्वित्झर्लंडचंच घ्या. मुलं झुरिच लिहितात, आपण चूक देऊन बर्न लिहायला लावतो आणि तिथल्या कायद्यात राजधानी असा शब्दच नाही. बर्न हे नुसतं 'संघराज्याचं शहर'. पुढच्या चाचणीत 'कुठे आहे' ऐवजी 'तिथे खाण नसताना सोनं कसं' असं विचारा. उत्तरं लांब येतील, तपासायला रविवार जाईल, त्याची तयारी ठेवा.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की गलाईवाल्या पोरांना एक छोटी वही द्या. गाडी कुठल्या नद्या ओलांडते, दुकानाच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, तिथे पाऊस होता का, मोड कुठून येते, शुद्ध झालेलं सोनं कोण नेतं, दुकानाचा परवाना कुणाच्या सहीचा. जी मुलं गावातच राहतील त्यांना हेच प्रश्न द्राक्षाच्या पेटीबद्दल नाहीतर दुधाच्या कॅनबद्दल द्या. आणि जाणाऱ्यांना एवढं बजावा, की मूस बघायची ती लांबून, आणि तेजाबाच्या भांड्यातून तांबूस धूर निघायला लागला की वही मिटून दुकानाबाहेर यायचं.

– तुमची बाई